हिरवी पिशवी जाते कुठे?

इंग्लंडमधल्या नव्या घरी राहायला आल्यावर आठवडाभरातच कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, पत्रक आले. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या छोट्या डब्याला, ज्याला इथे ‘कॅडी’ म्हणतात, आतून कोणतीही प्लॅस्टिकची पिशवी लावली तरी चालेल, अगदी पावाची रिकामी पिशवीसुद्धा, असे त्यात छापले होते. मला ती छपाईतली चूकच वाटली. याआधी वेल्समध्ये राहत असताना कौन्सिलकडून मिळणाऱ्या हिरव्या, विघटनशील पिशव्यांची मला इतकी सवय झाली होती, की घर बदलतानाही त्यांची एक गुंडाळी मी सामानात बांधून आणली होती.

त्या पिशव्यांचे मला फार कौतुक होते, असे मात्र नाही. चहाचा गरम चोथा आणि उरलेली आमटी एकाच दिवशी आत गेली, की तिसऱ्या दिवशी पिशवीचा तळ बुळबुळीत होतो. एकदा तर ती जिन्यावरच फाटली आणि जिन्याचा गालिचा धुण्यात माझा अर्धा रविवार गेला. तरीही पिशवीवरचा ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खत होण्याजोगी, हा शब्द पाहून मनाला बरे वाटत असे.

तो शब्द कशाच्या आधारावर छापतात, हे मी नंतर वाचले. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार, सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या खतप्रक्रियेत बारा आठवड्यांनी पिशवीचा जास्तीत जास्त दहा टक्के भाग दोन मिलिमीटरच्या चाळणीवर उरला पाहिजे, आणि सहा महिन्यांत तिचे नव्वद टक्के जैविक विघटन झाले पाहिजे. म्हणजे ही कसोटी मोठ्या, गरम, हवा खेळती असलेल्या खतप्रकल्पाची आहे. परसातल्या थंड ढिगासाठी वेगळे, घरगुती खताचे प्रमाणपत्र असते. ते नसलेली पिशवी तिथे वर्षभरानेही हाताला लागू शकते.

आमच्या गावाचा ओला कचरा मात्र खतप्रकल्पात जात नाही. तो बंद टाकीत जातो, जिथे प्राणवायू नसताना जिवाणू त्याचा वायू करतात. आपल्या गोबरगॅसचेच हे अवाढव्य रूप म्हणता येईल, फक्त शेणाऐवजी इथे केळ्याच्या साली आणि शिळा भात असतो. या टाक्यांचे तापमान बहुधा ३५ ते ४० अंश असते आणि कचरा आत काही आठवडेच राहतो, तेवढ्यात हिरवी पिशवी पुरती कुजत नाही. शिवाय ती लांब पट्ट्यांसारखी ढवळणीच्या पात्यांना गुंडाळते किंवा वर तरंगते. त्यामुळे टाकीच्या आधीच एक यंत्र पिशव्या फाडून अन्न वेगळे करते. हिरवी कोणती आणि पावाची कोणती, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. दोन्ही बाहेर पडतात आणि सहसा जाळून वीज करण्यासाठी जातात. पत्रकात चूक नव्हती. मी मात्र दुकानातून गुंडाळीमागे गुंडाळी विकत घेत होते, ती केवळ जाळण्यासाठी.

जिथे भट्टीसारख्या बंद पेट्यांत अन्न आणि बागेचा पालापाचोळा एकत्र खत केले जाते, तिथे हिशेब नेमका उलटा आहे. साधे प्लॅस्टिक तिथे गेले, तर त्याच्या चिंध्या खतातून थेट शेतात पोहोचतात. इटलीत तर ओला कचरा पिशवीत द्यायचा असेल, तर ती विघटनशीलच असावी लागते, कारण तिथल्या अनेक प्रकल्पांत वायू काढल्यानंतर उरलेल्या लगद्याचे पुढे खतही केले जाते आणि पिशवीला कुजायला तो दुसरा टप्पा मिळतो. पिशवी तीच, फक्त पत्ता वेगळा.

इंग्लंडमध्ये घरोघरी दर आठवड्याला अन्नकचरा उचलण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत ठरल्यामुळे आता अनेक गावांत पहिल्यांदाच कॅडी येत आहेत, आणि माझ्यासारखे गोंधळलेले लोकही वाढणार आहेत. सुट्टीत आलेल्या आईने हे सगळे ऐकून घेतले आणि डब्यात वर्तमानपत्राची घडी घातली. आमच्या पत्रकात कागदालाही परवानगी आहे. वेल्सहून आणलेली गुंडाळी मी शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत राहणाऱ्या मैत्रिणीला दिली. तिकडे ओला कचरा पालापाचोळ्याबरोबर खताला जातो आणि पावाची पिशवी चालत नाही.