स्कोअरबुकातील नोंद: ह्यूस्टनच्या तीन सामन्यांच्या आदल्या रात्री

सिएटल, १८ सप्टेंबर २०२५.

आजच्या विजयानंतर आपल्या सिएटल मॅरिनर्स या बेसबॉल संघाचे ८४ विजय आणि ६९ पराभव झाले आहेत. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचेही नेमके तेवढेच आहेत, आणि उद्यापासून रविवारपर्यंत हे दोन संघ ह्यूस्टनमध्येच तीन सामने खेळणार आहेत. मोसमाचे नऊ सामने उरले असताना बरोबरीत उभे राहण्याची ही वेळ मला फार मोलाची वाटते, कारण आपण डिव्हिजन (ह्यूस्टनसह पाच संघांचा आपला गट) शेवटची जिंकली ती २००१ साली, त्या ११६ विजयांच्या वर्षी.

आधी पेन्सिलीबद्दल लिहितो. ६ सप्टेंबरच्या सकाळी संघ ७३-६८ असा अडखळत होता. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपल्यावर मी स्कोअरबुक उघडले, तेव्हा हाताशी दुसरे काही नसल्याने आरतीसंग्रहात खूण म्हणून ठेवलेली पेन्सिल घेतली. अटलांटात आपण १०-२ असे जिंकलो, दुसऱ्या दिवशी १८-२ असे, आणि कॅन्सस सिटीतल्या १६ तारखेच्या सामन्यापर्यंत सलग दहा विजय त्याच पेन्सिलीने नोंदवले गेले. त्या दहाव्या सामन्यात आपल्या कॅल रॅलीने मोसमातला ५५वा आणि ५६वा होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडून थेट धाव मिळवणारा फटका) मारला. उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणाऱ्यांमधला मिकी मँटलचा १९६१ पासूनचा एका मोसमातल्या ५४ होमरनचा विक्रम त्याने मागे टाकला आणि केन ग्रिफी ज्युनियरच्या ५६ या आपल्या संघाच्या विक्रमाची बरोबरी केली. पुढचा आकडा मी उच्चारणार नाही. पिचर (गोलंदाज) नो-हिटरच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देण्याच्या, वाटेवर असताना डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकांवर) तो शब्द कोणी काढत नाही, आणि चांगले चालले असताना बोलून दाखवू नये, नजर लागते, हे आई मला लहानपणापासून सांगत आली आहे.

१७ तारखेला पेन्सिल इतकी बोथट झाली होती की ६-४-३ असा डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद; आकडे म्हणजे क्षेत्ररक्षकांचे क्रमांक) लिहिताना तिन्ही आकडे एकमेकांत मिसळले, म्हणून मी तिसऱ्या इनिंगनंतर तिला टोक काढले. आपण हरलो. आज तिला हात लावला नाही, अक्षर वाईट आले, आणि आपण जिंकलो. आता ती जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी उरली आहे.

याच महिन्यात आपल्यातल्याच एका चाहत्याने ऑनलाइन पैसे मोजून एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र करवून घेतला, हे तुम्ही वाचले असेलच. मला त्याचे मन पूर्णपणे समजते, कारण २०२३ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ८५ विजय मिळवूनही आपण दोन्ही वेळा केवळ एका विजयाने प्लेऑफच्या, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या, बाहेर राहिलो. गेल्या वर्षी १८ जूनला डिव्हिजनमध्ये आपली दहा सामन्यांची आघाडी होती. ती मी वहीच्या मुखपृष्ठावर शाईने लिहिली होती, आणि त्यानंतर मी शाई वापरलेली नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. २०२२ पासून बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना खेळवत नाहीत, आपसांतले सामने कोणी अधिक जिंकले ते पाहतात. २०२३ मध्ये ह्यूस्टन आणि टेक्सास दोघांचे ९० विजय असताना डिव्हिजन ह्यूस्टनला मिळाली ती याच नियमाने. म्हणून येत्या तीन सामन्यांचे वजन दुप्पट आहे. तीनपैकी दोन जिंकले तर एका सामन्याची आघाडी घेऊन आपण घरी येऊ. उरलेले सहाही सामने आपल्या टी-मोबाइल पार्कवर आहेत, आणि त्यांतले पहिले तीन यंदा शंभराहून अधिक पराभव झालेल्या कोलोराडोशी आहेत. शेवटचे तीन बलाढ्य डॉजर्सशी असल्यामुळे सगळे काही त्यांच्यावर ढकलणे मला धोक्याचे वाटते. एकच सामना जिंकता आला तर वाइल्ड कार्डची (डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफमध्ये जाण्याची) वाट खुली राहते, पण ती तीन सामन्यांची फेरी कदाचित पूर्णपणे परक्या मैदानावर खेळावी लागेल. माझ्या मते दोन विजय मिळतील, कारण गेले दोन आठवडे आपली फलंदाजी एकट्या रॅलीवर अवलंबून राहिलेली नाही.

मनाला एकच गोष्ट टोचते: हे तिन्ही सामने पितृपक्षात आहेत आणि रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे. मात्र दहापैकी बहुतेक विजय याच पंधरवड्यात आले, त्यामुळे पूर्वजांचा रोष नाही असे मी धरून चालतो. तरी ऑक्टोबरच्या सामन्यांची तिकिटे आज घेणार नाही. सोमवारी संघाला विश्रांती आहे आणि घरी घटस्थापना आहे. घट बसल्यावर दुपारी तिकिटांचे पाहीन, आणि तोवर पेन्सिल आरतीसंग्रहातच राहील, फक्त सामन्यापुरती बाहेर काढीन.