एअर पिस्तूलची ग्रिप: आधी आकार, मग दाणे

८ एप्रिल, परभणी

पारा चाळिशीच्या वर गेला की माझ्या एअर पिस्तूलची ग्रिप, म्हणजे मूठ, हातात हलायला लागते. बाहेरच्या कोरड्या उन्हात घाम टिकत नाही, पण पत्र्याच्या हॉलमध्ये पंख्याखाली उभं राहिलं तरी तळहात ओलसरच राहतो. स्पर्धेत ६० शॉट, ७५ मिनिटं. विसाव्या शॉटनंतर पिस्तूल दर वेळी थोडं वेगळं बसतं. माझ्या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं, अंतर साधारण ३० सेंमी आहे. पुढची साइट मागच्या साइटपेक्षा अर्धा मिलिमीटर बाजूला गेली की १० मीटरवर पेलेट (छर्रा) १६-१७ मिमी लांब जातं. आपल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि नवाचं २७.५ मिमीचं, म्हणजे तो शॉट थेट आठात.

ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची आहे. कंपनीतून येताना तिच्यावर पकडीसाठी खरखरीत दाणे होते, पण आधीच्या मालकाने पॉलिश पेपर मारून ती गुळगुळीत केली होती. यंदा त्यावर नीट काम करायचं ठरवलंय.

१२ एप्रिल

सोपे उपाय आधी करून पाहिले. पायऱ्यांवर लावतात ती खरखरीत चिकटपट्टी कापून समोरच्या बाजूला लावली. पकड जबरदस्त आली, पण दोनच दिवसांत उष्णतेने गोंद मऊ पडला, कडा उचलल्या आणि मधल्या बोटाच्या पेराची साल निघाली. बोट दुखायला लागलं की हात नकळत पकड सैल करतो, आणि मग खरखरीतपणाचा उपयोगच राहत नाही. क्रिकेटच्या बॅटचं रबरही चढवून पाहिलं. त्याने ग्रिप जाड झाली आणि हाताखाली दबायला लागली. लाकडाचा घट्टपणा हाताला कळला पाहिजे, तो रबरात कळत नाही. काढून टाकलं.

रेंजवरच्या एका मित्राने ओल्या वार्निशवर बारीक वाळू भुरभुरली होती. पकड चांगली आहे, पण चुकलं तर सगळी ग्रिप घासावी लागते. मी त्या वाटेला गेलो नाही.

बंदुकीच्या दस्त्यावर असते तशी कोरीव चौकडी मला मनापासून आवडते. पण ती सपाट किंवा एकाच दिशेने गोलाई असलेल्या लाकडावर शोभते. आपली ग्रिप प्रत्येक बोटाखाली वेगळी वळते, तिथे रेघा एकमेकींना धरून राहत नाहीत. राहिलं स्टिपलिंग, म्हणजे पंच (टोकाचा लोखंडी खिळा) ठोकून लाकडावर एकेक टिपका उठवणं, त्याचेच दाणे होतात.

१९ एप्रिल

पंच हातात घेण्याआधी एक तपासणी केली आणि सगळा विचारच बदलला. मी शाळेत शिकवतो, खडूची भुकटी हाताशीच असते. ती तळहाताला फासली आणि नेहमीसारखं पिस्तूल धरलं. हात काढून पाहिलं तर अंगठ्याच्या मुळाखाली मोठा कोरा पट्टा! तिथे हात लाकडाला टेकतच नव्हता. म्हणजे निम्मी घसरण गुळगुळीतपणाची नव्हती, पोकळीची होती. पोकळीवर कितीही दाणे पाडले तरी ते हाताला लागणारच नाहीत. ज्यांची ग्रिप घसरते त्या प्रत्येकाने आधी एवढं करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

२१ एप्रिल

पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढला, बॅरल रिकामी असल्याची खात्री केली, तळाचा स्क्रू सोडवून ग्रिप वेगळी केली. यापुढचं सगळं काम सुट्या ग्रिपवर.

एम-सील या इपॉक्सी लगद्याचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळले. हातमोजे घालाच, कच्चं इपॉक्सी कातडीला बाधतं. लाकूड आधी पॉलिश पेपरने खरवडलं, पोकळीत लगदा भरला, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म टाकून नेहमीची मूठ आवळली. या हवेत ते फार लवकर धरतं, म्हणून थोडं थोडं मळावं.

स्पर्धेच्या नियमांकडे लक्ष ठेवा. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. तळहाताची कड खाली जिथे टेकते त्या टेकूचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि तो वर वळलेलाही नको. दाबलेला लगदा नेमका तिथेच कडेने वर येतो. मी दुसऱ्या दिवशी कानशीने तो सपाट केला.

२७ एप्रिल

पंच म्हणून काँक्रीटचा खिळा घेऊन त्याचं टोक कानशीने गोल केलं, साधारण १ मिमी. टोकदार खिळा तंतू फाडतो, गोल टोक ते दाबतं. सरावाला गल्लीतल्या सुतारकाकांकडून सागाचे तुकडे आणायला गेलो.

"काय करायलात सर हे?"

सांगितलं. त्यांनी ग्रिप उलटसुलट करून पाहिली. "मग सागावर कामून शिकायलात? साग मोकळ्या रेषांचा, तिथं टिपका पसरतो. हे घ्या शिसम. आन् कडेला ठोकू नका, कपची उडंल."

शिसमावर तीन संध्याकाळी गेल्या. ओळीत ठोकलं तर डोळ्याला आणि हाताला पट्टे जाणवतात, म्हणून टिपके विस्कटूनच हवेत. कडेला ३ मिमी कोरं ठेवायचं, आधी पेन्सिलने हद्द आखायची.

४ मे

खऱ्या ग्रिपवर काम केलं. दाणे फक्त दोन ठिकाणी: समोर मधल्या आणि अनामिका बोटाखाली, आणि मागे तळहाताखाली. आपला जोर पुढून मागे सरळ रेषेत असतो, बाजूंनी दाबायचं नसतं. अंगठ्याजवळ मुद्दाम गुळगुळीत ठेवलं. तिथे पकड मिळाली की अंगठा दाबायला लागतो. ट्रिगरचं बोट जातं ती बाजूही कोरी. भरलेल्या इपॉक्सीवर टिपके लाकडासारखे उठत नाहीत, जास्त जोर लागतो.

टूथब्रशने भुसा काढला आणि जवसाचं तेल चोळलं. काकूच्या शेतातल्या जवसाचं, घाण्याचं. कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं, म्हणून अगदी पातळ हात. वार्निश नको, टिपके भरून जातात. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मी ती पाण्यात बुडवून ठेवली.

२५ मे

६० शॉटमध्ये दोनदाच हात पुन्हा बसवावा लागला, एप्रिलमध्ये दर चार-पाच शॉटनंतर बसवत होतो. खडूची तपासणी परत केली: अंगठ्याखालचा पट्टा गेला, पण करंगळीजवळ चिंचोक्याएवढी कोरी जागा दिसतेय. तिथे अजून काही भरणार नाही. मृगाचा पाऊस पडला की लाकूड थोडं फुगेल, तेव्हा परत खडू लावून बघतो.