बाबांसाठी वेणीचा स्वेटर: हिशोब कुठे चुकतो

वेण्या घातलेला पूर्ण बाह्यांचा स्वेटर दिसतो देखणा, पण तो हमखास एका जागी फसतो: छातीत घट्ट होतो. टाके एकमेकांवरून ओलांडले की वीण आत ओढली जाते, आणि आपण टाके मात्र साध्या विणीच्या मापाने घातलेले असतात.

समजा छाती 100 सेंमी आहे. आत शर्ट असणार, म्हणून 10 सेंमी सैल धरला, तर पुढचा भाग 55 सेंमी रुंद हवा. 8 प्लाय (मध्यम जाडीची) लोकर आणि 8 नंबरच्या सुयांवर साध्या सुलट विणीत 10 सेंमीला 22 टाके बसत असतील, तर 121 टाके लागतील. आता एक वेणी घ्या: 6 टाके, दोन्ही बाजूंना 2-2 उलट, म्हणजे 10 टाके. साध्या विणीत हे साडेचार सेंमी होतात, वेणीत जेमतेम साडेतीन. चार वेण्या असल्या तर पुढे 4 आणि मागे 4 सेंमी गेले. सैलपणासाठी ठेवलेल्या 10 मधले 8 तिथेच संपले! म्हणून दर वेणीमागे 2 टाके जास्त, म्हणजे 129. अर्थात प्रत्येकाचा हात वेगळा, तेव्हा दोन वेण्यांचा 15 सेंमीचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच मोजा. न धुता घेतलेल्या मापावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हे वाढीव 8 टाके सुरुवातीलाच घालू नका. बॉर्डर 10 नंबरच्या, म्हणजे 8 पेक्षा बारीक सुयांवर 121 टाक्यांची विणा आणि तिच्या शेवटच्या ओळीत, जिथे वेणी येणार तिथे, वाढवा. नाहीतर खालची कड फ्रिलसारखी फुलते. खांद्यावर याच्या उलट: टाके बंद करताना प्रत्येक वेणीवर दोनदा दोन-दोन टाके एकत्र घ्या.

लोकर साध्या स्वेटरला 500 ग्रॅम लागत असेल तर 650 ग्रॅम आणा, सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले. माप गुपचूप घ्यायचं असेल, तर नीट बसणारा जुना स्वेटर पलंगावर सपाट पसरून घ्या.

वेणीचा पीळ दर आठव्या ओळीला घाला, सुलट बाजूने. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरले तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरले तर उजवीकडे. चूक होते ती इथेच, आणि लक्षात येते दहा-बारा ओळींनी. तेव्हा सगळे 129 टाके उसवू नका. त्या वेणीपर्यंत विणत या, तिचे 6 टाकेच सुईवरून सोडा आणि चुकलेल्या पिळापर्यंत खाली उतरवा. सुट्या धाग्यांची शिडी तयार होते. दोन्ही टोकं उघडी असलेल्या आखूड सुयांवर ते 6 टाके घ्या, पीळ नीट घाला आणि खालून एकेक पायरी घेत वर विणत या. मध्ये पीळ आला तर तोही घाला. एकही पायरी सुटू देऊ नका. कडेचे टाके सैल दिसतील, ते सुईच्या टोकाने शेजारी थोडेथोडे सरकवा. दर 24 ओळींनी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवला, तर मोठ्या चुकीतही तिथवरचं काम वाचतं.

वेळ मोजूनच सुरुवात करा. 65 सेंमी लांबीला सुमारे 182 ओळी होतात, ओळीला 7 मिनिटं धरली तर एका भागाला 21 तास. पाठ, पोट आणि बाह्या मिळून साठेक तास. रोज तासभर विणलं तर गणपतीत घातलेले टाके डिसेंबरच्या आधी उतरतात.

गळ्याचे टाके एका नंबराने जाड सुईने, सैल हाताने बंद करा, म्हणजे डोकं सहज जाईल. लोकर अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात नको, वेणी कायमची चपटी होते. ओला स्वेटर टॉवेलवर पसरून, मापात ओढून, सावलीत वाळवा.