सात नंबरचे ब्रेक पॅड

कोणतं पोर किती घाबरलंय, हे मला सायकल उलटी करून ठेवल्यावर कळतं. मी समुपदेशक नाही. मी मिस्त्री, आणि शनिवारी माणसं कमी पडतात म्हणून ट्रेनरही. बीडहून मांजरसुंब्याकडं जाताना बालाघाटाचे जे उतार लागतात, तिथं आमची संस्था बालगृहातल्या आणि वसतिगृहातल्या पोरांना माउंटन बाइकवर नेते. त्यातल्या काहींचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. काहींचे बाप परत येणारे नाहीत.

बघायला येणाऱ्यांना वाटतं, पोरांना डोंगरात सोडलं की झालं. खरं काम आधीच सुरू होतं. हेल्मेटचा बक्कल, उदाहरणार्थ. "लावू का?" असं विचारल्याशिवाय कुणाच्याही हनुवटीखाली हात न्यायचा नाही. दोन-तीन पोरांना तो पट्टा गळ्याशी सहनच होत नाही. त्यांच्यासाठी मी पट्ट्यावर मऊ फडकं शिवलंय, आणि बक्कल त्यांचा तेच लावतात, पाच मिनिटं लागली तरी. का सहन होत नाही, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायची गरज पडू नये.

दुसरं काम म्हणजे दान आलेल्या सायकली. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, पण त्यांना मागं-पुढं शॉकअपवालीच सायकल आवडते. लाल-पिवळी, लोखंडी, पोराच्या निम्म्या वजनाची. पायडल मारलं की पुढं जायच्या आधी ती खाली बसते. अशा सहा सायकलींचे मागचे शॉकअप काढून मी पट्ट्या मारल्या, तेव्हा कुठं त्या चढ चढायला लागल्या. हवेचंही तसंच. स्वयंसेवक पंप घेऊन पन्नास पीएसआय ठोकून मोकळे होतात. पस्तीस किलोच्या पोराला जाड टायरमध्ये २८-३० पुरे. त्याच्यावर गेलात तर मुरमावर चाक उडतं, आणि फार कमी ठेवलीत तर रिमखाली चिमटून ट्यूब फाटते. वेड्या बाभळीचा काटा मात्र हवा कितीही ठेवा, लागायचा तो लागतोच.

आणि ब्रेक. हा खेळच ब्रेक जाळण्यातून आलाय. कॅलिफोर्नियात १९७६ साली जुन्या जड सायकलींवर डोंगर उतरायची शर्यत सुरू झाली. त्या उताराचं नाव रिपॅक, कारण एकदा उतरलं की मागच्या चाकाच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. ही गोष्ट मी दर नव्या बॅचला सांगतो. पोरांना धुराचा भाग आवडतो.

आमच्या सायकलींना तारेचे डिस्क ब्रेक आहेत. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा, असं शिकवतो. ज्याला हे जमतं त्याचे पॅड कित्येक महिने जातात. सात नंबरचे तीन आठवड्यांत पत्र्यापर्यंत यायचे. नंबर सायकलींना आहेत, पोरांना नाहीत, पण इथं नाव लिहायचं नाही म्हणून त्याला सातवाला म्हणतो. वय तेरा. दोन्ही ब्रेक कायम धरलेले, सपाटीवरसुद्धा. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, तापून निळसर पडलेला, पॅड काचेसारखे चकचकीत. उतार आला की मधेच थांबायचा, एक पाय टेकून तसाच उभा. बोलावलं तरी नाही, कुणी धरलं तर मुळीच नाही. वाट बघायची. कधी दहा मिनिटं, कधी वीस.

त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की बापाची केस 'अपात्र' ठरली. आईनंच एकदा गेटवर सांगितलं. कर्ज बिनपरवाना सावकाराचं, म्हणजे कागदावर कर्जच नाही. पात्र ठरली असती तर सरकारी मदतीच्या एक लाखातले ३० हजार हातात आले असते आणि ७० हजार ठेवीत गेले असते. बाकी फाइल ताईंकडं असते. ताई म्हणजे आमच्या समुपदेशक, कामाला एक नंबर, पण महिन्यातून दोनच शनिवार येतात, कारण तेवढ्याचेच पैसे मंजूर आहेत.

ऑगस्टमधला तो शनिवार ताईंचा नव्हता. तो देणगीदार कंपनीच्या लोकांचा होता. चौघं आले, सारखे टी-शर्ट, एकाच्या हातात कॅमेरा. आमचे समन्वयक सकाळपासून हवेत होते. आदल्या संध्याकाळी मी वाट बघून आलो होतो. पावसानं पडलेल्या घळी, नवे सुटे दगड, कुंपणाची तार, कुत्री, आग्यामोहोळ, सगळं वहीत लिहिलं होतं. वरच्या वळणाला लागून कपाशीचं रान आहे, तेही दिसलं होतं. पण त्याचं लिहिण्यासारखं काय?

सकाळी मी खालच्या वळणावर उभा राहिलो. तिथं ओढ्याच्या तोंडाशी बारीक खडी साचते, पडलं तर तिथंच पडतात. एकेक करून पाच जण गेले. मग वरून सात नंबर आली आणि आवाजच नाही. रोज त्याचा रोटर किंचाळत यायचा, आज फक्त टायरखालचा मुरूम वाजत होता. तो सुटला होता. पायडल समांतर, बूड मागं, टाचा खाली, शिकवल्याबरहुकूम. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. खडीवर मागचं चाक हातभर सरकलं, त्यानं सावरलं आणि ओढा ओलांडून पलीकडं गेला.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच. समन्वयक ओरडले, "बघा, बघा! ह्याच्यासाठीच असतं हे सगळं!" कॅमेरावाल्याला फोटो मिळाला होता. ते मांजरसुंब्याला रबडी खायला गेले. आमच्याकडं एक तक्ता असतो, आत्मविश्वास, १ ते ५. सातवाल्यापुढं तिथल्या तिथं ५ पडले.

तो मात्र थांबलाच नव्हता. पाव किलोमीटरवर हातपंपापाशी सापडला. तोंड धुत होता, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, उकाडा आहे.

संध्याकाळी शेडमध्ये सायकल उलटी केली. पॅड जसेच्या तसे. तो शेजारी उकिडवा बसून चेनला तेल देत होता. मी मोठ्या कौतुकानं म्हणालो, "आज पॅड वाचवलेस की माझे!"

तो चेनकडं बघूनच म्हणाला, "सर, वास येऊ लागला होता."

"कशाचा?"

"औषधाचा."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. आपल्याकडं शेतात मारतात तेही औषध आणि पितात तेही औषध. मग आठवलं, वरच्या रानात सकाळी कुणीतरी पाठीला निळा पंप लावून कपाशीच्या तासांमधून फिरत होतं. मला दिसलं होतं. आणि ते फुगलेले गाल. तो जोर लावत नव्हता, श्वास रोखून आला होता. वरच्या वळणापासून ओढ्यापर्यंत.

रात्री ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी एका नाक्यावर थांबून पुढं जातात, वासाचा निरोप त्या नाक्यावर न थांबता थेट भीतीच्या आणि आठवणीच्या घरात शिरतो. मग म्हणाल्या, "पळाला म्हणजे वाईटच झालं असं नाही. आधी तो जागच्या जागी गोठायचा. पण तो पळत असताना तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा त्यानं काय अर्थ लावला असेल, ते मला आत्ता सांगता येणार नाही."

समन्वयकांना तक्त्यातले ५ खोडा म्हटलं. ते म्हणाले, अहवाल गेला, आणि पोरगं पडलं नाही ना, मग झालं. माणूस वाईट नाही. पण त्याला शनिवारपेक्षा सोमवार जास्त कळतो. पंधरा दिवसांनी त्या कंपनीच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर तो फोटो होता. चेहरा धूसर केलेला, तेवढं तरी भान होतं. खाली मोठ्या अक्षरांत 'जिद्द'. फुगलेले गाल धूसर करूनही दिसत होते.

माझ्या वहीत आता दगड, घळी, कुत्री यांच्याखाली 'फवारणी' आणि 'वारा' अशा दोन ओळी वाढल्यात. शुक्रवारी आसपासच्या रानवाल्यांना विचारून येतो, उद्या पंप आहे का. ते हसतात. "सायकलीला काय होतंय औषधानं?"

पुढच्या शनिवारी मी त्याला एकट्याला गाठून सांगितलं, दुसरी वाट आहे, जरा लांबून पडते, तिकडून जाऊ. ताई त्या दिवशी आल्या होत्या, शेजारीच होत्या. त्यानं थोडा विचार केला. खाली वाकून मूठभर माती उचलली, हात उंच करून बोटांतून सोडली. धूळ आमच्याकडून कपाशीकडं गेली.

"वारं तिकडं हाय," तो म्हणाला. "वारं बघितल्याबिगर पाठीला पंप लावायचा नाही म्हणायचे बाबा."

बाबा हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. ताई काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही नाही. त्यानं बक्कल लावला आणि जुन्याच वाटेला लागला, दोन्ही ब्रेक धरून, खालपर्यंत किंचाळत. मधे एकदाच पाय टेकला, वरच्या वळणावर. ओढ्यापाशी मी रोटरला बोट लावून बघितलं तर चटका बसला.

रविवारी सातचे पॅड बदलले.