पान्यानं सुटेल तेवढंच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथं गोव्यात फोंड्याच्या बाजारात गेले, मंगेशीला गाडी लावली, पेट्रोल भरायला थांबले, की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी जुनी फियाट, हिला मॉडिफाय का नाही करत?" हल्ली दुसरेही भेटतात. त्यांच्या घरी आजोबांची गाडी शेडमध्ये पडून असते आणि नवं इंजिन घालावं की आहे तशी ठेवावी, हे त्यांचं ठरत नसतं.

माझं उत्तर असं की जे पान्यानं सुटतं ते मी बदलते. ज्याला कटर लावावा लागतो त्याच्या वाटेला जात नाही. हे मी शिकले ते नुकसान करून.

गाडी १९६८ ची, फियाट ११०० डिलाइट, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. बाबांनी ती १९७६ मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली, कारण नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. बाबाही डॉक्टर. बांदोडा, कवळे, बोरी, शिरोडा इथं रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे. पलीकडे सासष्टीत जायचं तर शिरोड्याहून फेरीबोट. अंधारात औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता यावं म्हणून त्यांनी डॅशबोर्डला भोक पाडून एक छोटा दिवा बसवून घेतला होता. मागच्या काचेखाली बॅगेसाठी सागवानी फळी होती, ती आमच्या सुतारानं बनवलेली.

१९९८ मध्ये मी नोकरीला लागले आणि पहिल्या पगारातून गाडीला कॅसेट प्लेअर घेतला. डिलाइटचा डॅशबोर्ड पत्र्याचा. त्यात प्लेअर बसेना, म्हणून तो कापला. आमच्या जुन्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकनी, मला आधी बजावलं होतं, "बाय, हें कापूं नाका. मागीर मेळचें ना." म्हणजे कापू नको, नंतर मिळणार नाही. मी दुसरीकडे जाऊन कापून घेतला. बाबा काही बोलले नाहीत. प्लेअर चार वर्षांत बंद पडला, भोक अजून आहे. तसा धड डॅशबोर्ड मी कुर्ल्यापासून बेळगावच्या भंगार बाजारापर्यंत शोधला. मिळाले ते सगळे असेच कुणीतरी कापलेले.

काही वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांतले एक जाणकार घरी आले होते. त्यांनी गाडी प्रेमानं पाहिली आणि म्हणाले, "फळी काढा, दिव्याचं भोक भरून घ्या, मग ही कारखान्यातून आल्यासारखी होईल." त्या रात्री मला झोप लागली नाही. कारखान्यातून आली त्या दिवशी ही गाडी आमची नव्हतीच. ती आमची झाली ती फेरीबोटीवर आणि त्या दिव्याच्या उजेडात. हे सगळं पुसून तिला नवी कोरी करणं हेही मला मॉडिफाय करणंच वाटतं. पुढे कळलं की जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिच्या ट्युरिन चार्टरमध्येही हाच विचार आहे. वापराच्या काळात झालेले बदल हा गाडीच्या इतिहासाचा भाग मानावा, असं त्यात म्हटलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग कॅसेटचं भोकही इतिहासच की. तर्कानं बरोबर आहे, आणि याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. दिवा कामासाठी आला होता, प्लेअर हौसेसाठी, एवढाच फरक मला दिसतो. ते भोक मी बुजवलेलं नाही. वर एक पट्टी स्क्रूनं बसवली आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी जुन्याचा हट्ट अजिबात धरत नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मूळ रचनेत ब्रेक ऑइलची लाइन एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. बोरीच्या उतारावर आई शेजारी बसलेली असताना माझा पेडल खालपर्यंत गेला. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी गटाराच्या कडेला टेकून थांबली. त्यानंतर दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो भाग) बसवून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या लाइन वेगळ्या केल्या. पुढे सीटबेल्टही लावले, तेव्हा ते नव्हतेच. जुना सिलिंडर ग्रीस लावून डब्यात ठेवला आहे. ज्यांना यातही शुद्धता बिघडल्यासारखी वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्या गाडीत आईला बसवणार नाही.

बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला तोही पावसासाठी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रात्री वायपर आणि हेडलाइट दोन्ही चालू, गाडी फेरीच्या रांगेत इंजिन सावकाश चालवत उभी, अशा वेळी डायनॅमो पुरेसा करंट देत नाही आणि बॅटरी उतरते. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही बदलला, कारण पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी मग आतून गंजते.

इंजिन बदलायला मात्र माझा ठाम नकार आहे. माझा भाचा दर मे महिन्यात येतो, घामानं निथळतो आणि म्हणतो, "आत्या, हिच्यात मारुतीचं इंजिन टाकूया, एसी बसवूया." त्याचा त्रास मला कळतो. पण या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायला माउंटिंग आणि तळाच्या पत्र्यातला मधला बोगदा कापला की सगळ्या सांगाड्यावरचा ताण बदलतो. बरं, वेग वाढवला तरी ब्रेक आणि सस्पेन्शन १९६८ चंच राहतं. आहे त्या इंजिनावर एसीचा कॉम्प्रेसर लादला आणि रेडिएटरपुढे कंडेन्सर उभा केला, तर अनमोड घाटात ते तापणारच.

कायदाही लक्षात घ्या. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मनानं करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण त्यासाठी चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो, आणि तो नंबर घेतला की गाडी रोज चालवता येत नाही. मी तो घेतलेला नाही. मला बाजारात जायचं असतं.

माझा नियम एकदा मीच मोडला. समुद्राची खारी हवा आणि पावसाळा यांनी तळाचा पत्रा इतका खाल्ला होता की ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसायचा. तिथं कटर लावावाच लागला. कुजलेलं तेवढंच काढलं आणि त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा वेल्ड केला. आठवडाभर मी त्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले होते.

परवा म्हापशाहून एकांनी आजोबांच्या अँबॅसडरबद्दल विचारलं. इंजिन कुठलं घालू, सीट कसल्या करू, रंग कुठला देऊ. काका, रंगाचं नंतर बघू. आधी मॅट उचला, चारही कोपऱ्यांत तळाला अंगठा दाबून बघा आणि दारांच्या खालच्या कडा तपासा. मग फोन करा.