दगड, तुळई आणि ऑलिव्हचे तेल

ऑलिव्ह तेलाच्या इतिहासात मला सर्वाधिक खिळवून ठेवतात ती त्याची अवजारे. इस्रायलमधील हैफाजवळ आता समुद्राखाली असलेल्या कफर समीर येथे ६,५०० वर्षांहून जुने ठेचलेल्या ऑलिव्हचे अवशेष मिळाले आहेत. इसवी सनपूर्व ७व्या शतकातील एक्रोन या पलिष्टी नावाच्या प्राचीन लोकांच्या नगरात तर १००हून अधिक तेलघाणे सापडले. भिंतीच्या खोबणीत एक टोक अडकवलेली लांब तुळई, तिच्याखाली लगदा भरलेल्या विणीच्या टोपल्यांची चळत आणि दुसऱ्या टोकाला टांगलेले भोकांचे जड दगड, एवढ्या सामग्रीवर हे दाबयंत्र चालत असे.

फळे भरडण्यासाठी रोमनांनी दगडी कुंडात फिरणारी दोन अर्धगोल जाती वापरली. रोमन लेखक केटोने त्यांची जुळणी इतक्या बारकाईने लिहिली आहे की, जाते आणि कुंड यांतील अंतर कसे राखावे हेही समजते. इसवी सनाच्या १ल्या शतकात दाबयंत्रात लाकडी स्क्रू आला.

खरे कसब मात्र पुढेच होते, असे मला वाटते. टोपल्यांतून तेलासोबत काळपट, कडू पाणी निथळे. ते कुंडात स्थिरावू देऊन वर तरंगलेले तेल हाताने अलगद काढून घ्यावे लागे.