तिसरी ओळ, आठवी ओळ

आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे दिसतं तेच टाइप करायचं. समोर जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्राचं स्कॅन असतं, मशीनने ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून, दिलेला मजकूर असतो आणि त्यातल्या चुका आपण काढायच्या असतात. कोष्टकं मात्र मशीनवर सोडत नाहीत. ती दोन ऑपरेटर एकमेकांचं न बघता टाइप करतात आणि सॉफ्टवेअर दोन्ही प्रती ताडून बघतं. फरक आला की तो लाल होऊन माझ्यासारख्या क्यूसीवाल्याच्या, म्हणजे शेवटची तपासणी करणाऱ्याच्या, स्क्रीनवर येतो. वाचताच येत नसेल तर ‘अवाच्य’चा टॅग लावायचा. अंदाज करायचा नाही. हिंजवडीच्या त्या एसी हॉलमध्ये मी हे वाक्य नव्या मुलामुलींना इतक्यांदा ऐकवलंय की ती माझ्या मागे माझी नक्कल करतात.

त्या दिवशीची बॅच ऑक्टोबर 1957ची होती. पहिल्या पानांवर स्पुटनिकच स्पुटनिक. रशियाने तो 4 ऑक्टोबरच्या रात्री सोडला, त्यामुळे पुढच्या अंकांत दुसरं काही असण्याची शक्यताच नव्हती. खेळाच्या पानावर मात्र वेगळीच धामधूम. त्याच शुक्रवारी आणि शनिवारी, 4 आणि 5 तारखेला, वर्कसॉपजवळच्या लिंड्रिक गोल्फ कोर्सवर रायडर कपचा सामना झाला होता. ब्रिटन विरुद्ध अमेरिका, दोन्हीकडचे व्यावसायिक गोल्फर.

त्या पानावर लाल खुणा दोन होत्या. दोन्ही सिंगल्सच्या कोष्टकात, तिसऱ्या आणि आठव्या ओळीत. डावीकडे खेळाडूंची नावं, कंसात फरक आणि टोकाला दोन रकाने : ब्रिटन, अमेरिका. तिसऱ्या ओळीच्या टोकावरून कागदाची तिरकी घडी गेलेली, शाई उडालेली. आठव्या ओळीचा कोपराच फाटलेला.

नवीन लागलेल्या मुलीने तिसऱ्या ओळीत 1 आणि 0 टाकलं होतं. दुसऱ्या ऑपरेटरने रकाने रिकामे सोडले होते.

“हे तुला दिसलं का गं?” मी विचारलं.

“नाही ताई. पण वर-खाली सगळीकडे एक-शून्यच आहे ना. आणि मशीनने एकूण 7% वाचलंय, तेही चुकीचंच असणार.”

टक्क्याचं चिन्ह मी झूम करून बघितलं. तो ½ होता. मथळ्यात स्वच्छ छापलेलं : ब्रिटन 7½, अमेरिका 4½. जुन्या टाइपातला अर्धा मशीनला टक्का दिसतो, हे आमच्याकडे रोजचंच. पण त्या अर्ध्याने माझी खुर्ची पुढे सरकली.

मला गोल्फमधलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. कोष्टकात ‘7 आणि 6’, ‘5 आणि 3’ असे आकडे होते आणि मुलीला वाटत होतं की एकाचे सात, दुसऱ्याचे सहा. तसं नाही. हे सामने मॅच प्ले पद्धतीचे. त्यात एकूण फटके मोजत नाहीत, जिंकलेले होल मोजतात; कमी फटक्यांत बॉल घालेल तो ते होल जिंकतो. 7 आणि 6 म्हणजे सात होलने पुढे आणि खेळायचे उरलेत सहाच, तेव्हा सामना तिथेच संपला. क्रिकेटमध्ये ‘एक डाव राखून’ म्हणतो तसलीच ही नामुष्की. तेव्हा प्रत्येक सामना 36 होलचा असायचा, म्हणजे हा तिसाव्या होललाच आटोपला. ही माहिती मी शेजारच्या टॅबवर वाचून घेतली. आमच्या कामात असं थोडं फुकटचं शिक्षण होत असतं, पगारात ते धरत नाहीत.

मग पेन घेतलं. सामना जिंकला की एक गुण, बरोबरी झाली की दोघांना अर्धा-अर्धा. सामने एकूण बारा : शुक्रवारी चार फोरसम्स, ज्यात जोडीतले दोघे एकाच बॉलवर आळीपाळीने मारतात, आणि शनिवारी आठ सिंगल्स. शुक्रवारचं कोष्टक पूर्ण वाचता येत होतं. अमेरिका 3, ब्रिटन 1. तो एकमेव सामना कप्तान डाय रीस आणि केन बाउसफील्ड यांनी काढलेला. म्हणजे साडेसातासाठी ब्रिटनला सिंगल्समधून साडेसहा हवेत आणि अमेरिकेला दीडच मिळायला हवा. स्पष्ट दिसणाऱ्या सहा ओळींत ब्रिटनपुढे सहा वेळा 1. उरलेल्या दोन ओळी मिळून ब्रिटनला अर्धा, अमेरिकेला दीड. आता तिसऱ्या ओळीत घडीच्या अलीकडे कंसातलं ‘2 आणि 1’ शाबूत होतं, म्हणजे तिथे कोणीतरी जिंकलंय. ब्रिटनचा पीटर अ‍ॅलिस जिंकला असता तर एकूण साडेसातावर थांबलंच नसतं. तेव्हा अ‍ॅलिस हरला, फ्रेड हॉकिन्स जिंकला. आणि आठव्या ओळीतले हॅरी ब्रॅडशॉ आणि डिक मेयर बरोबरीत सुटले.

“सुटलं की!” मुलगी म्हणाली. “टाकू का?”

“अजिबात नाही. टॅग लाव.”

तिचा चेहरा पडला. साहजिक आहे. पण कागदावर नसलेला आकडा मी भरला, तर उद्या कोणीतरी तो छापील पुरावा म्हणून वापरेल. माझी बेरीज बरोबर असली तरी ती माझी बेरीज, त्या पेपरची नव्हे. हिशेब मी क्वेरी शीटमध्ये मांडला आणि क्लायंटला मूळ प्रतीचं नवीन स्कॅन मागितलं.

उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून मी ते पान नीट वाचलं. शिफ्टमध्ये असं वाचणं बसत नाही, पण वाचलं. जिंकलेल्या त्या सहा ओळी साध्या नव्हत्याच. मास्टर्स, पीजीए, यूएस ओपन या अमेरिकेतल्या गोल्फच्या मोठ्या स्पर्धा. त्या वर्षीचा मास्टर्स विजेता डग फोर्ड, त्याला बर्नार्ड हंटने 6 आणि 5 ने हरवलेलं. पीजीए विजेता लायोनेल हेबर्टला बाउसफील्डने 4 आणि 3 ने. यूएस ओपन जिंकलेला मेयर, तोच आठव्या ओळीतला. तडकू डोक्याच्या टॉमी बोल्टला एरिक ब्राउनने, अमेरिकेचा कप्तान जॅक बर्कला पीटर मिल्सने. डाय रीस तेव्हा 44 वर्षांचा. त्याने एड फर्गोलला आणि क्रिस्टी ओ’कॉनरने डाऊ फिन्स्टरवाल्डला, दोघांनीही 7 आणि 6 ने लोळवलेलं. आदल्या संध्याकाळी 1–3 अशी पिछाडी, आणि 1933 पासून ब्रिटनने हा कप बघितलेला नाही. कप ज्या सॅम्युएल रायडरच्या नावाचा, तो मूळचा बियाण्यांचा व्यापारी, पेनीला एक पाकीट विकणारा. लिंड्रिकला सामना आणला तो शेफिल्डचे उद्योगपती सर स्टुअर्ट गुडविन यांच्या दहा हजार पौंडांनी.

मला मात्र सगळ्यात चुटपुट लागली ती सिंगल्समध्ये नसलेल्या दोघांची. शुक्रवारी हरलेले मॅक्स फॉकनर आणि हॅरी वीटमन शनिवारी बाहेर बसले. चोवीस वर्षांनी येणारा विजय, आणि तुम्ही दोरीच्या पलीकडे! त्याखालोखाल अ‍ॅलिसची. सगळा संघ जिंकत असताना हरलेला तो एकटाच, आणि नेमकी त्याचीच ओळ कागदाने झाकली होती. नंतर टीव्हीवर गोल्फचं समालोचन करणारा प्रसिद्ध आवाज तो हाच.

नवीन स्कॅन दुसऱ्या दिवशी आलं. दुसऱ्या प्रतीवरून काढलेलं, कोपरा शाबूत. तिसऱ्या ओळीत 0 आणि 1. आठवीत ½ आणि ½. मुलीने टॅग काढले, आकडे टाकले, लाल खुणा गेल्या. पुढची बॅच उघडता उघडता तिने विचारलं, “ताई, मग हे परत कधी जिंकले?”

“1985ला. तोवर सोबतीला सगळं युरोप घ्यावं लागलं.”

“आपल्याकडे आहे 85?”

“नाही गं. आपला प्रोजेक्ट साठला संपतो.”